एका पायातला चाळ

ओमानमधल्या माबेल्यातली शुक्रवारची सकाळ आठवते ती धुक्यासारखी आठवते. खरं तर तिथे धुकं नसतं, असते ती धूळ. आठवडाभर गाड्यांनी उडवलेली धूळ रात्रीतून खाली बसायची, दुकानांची शटरं ओढलेली असायची, आणि दूरचे डोंगर कापडावर खडूने आखून मग हाताने पुसल्यासारखे दिसायचे. मी खोलीवरून निघून बेकरीच्या बाजूचा जिना चढायला लागलो की खालून खुबूस रोट्या भाजल्याचा वास यायचा आणि वरून गाण्याचा ठोका. जिन्याच्या वळणावर दोन्ही एकमेकांत मिसळायचे. तिथे मी दरवेळी थांबायचो. धाप लागायची हे एक. दुसरं असं, की तिथे आपण नक्की कुठे आहोत ते क्षणभर कळायचं नाही, आणि ते न कळणं बरं वाटायचं.

वर एक हॉल होता. तिथे आम्ही चाळिशी-पन्नाशी उलटलेली माणसं नाचायचो. व्यायाम म्हणून.

मी शिंपी. दिशदाशा, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा पायघोळ झगा, शिवणारा. तिकडे शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला सगळी गल्ली मास्तर म्हणून हाक मारते, याची मला सुरुवातीला एवढी धास्ती वाटायची की कुणी हाक मारली की मी मागे वळून बघायचो, खरे मास्तर आलेत की काय. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, फक्त काळजीची होत नाही. मला लहानपणापासून काळजी करायची खोड आहे. सुई मोडली तरी मला वाटतं, आता हिच्यामागून आणखी काय मोडणार.

त्या वर्षी पायाला मुंग्या यायला लागल्या. पॉलिक्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, साखर वाढलीय म्हणून गोळ्या दिल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "दिनभर मशीन पे बैठते हो. चलना शुरू करो, मास्टर. पैर चलेगा तो आप चलेगा."

भीतीने मी दुसऱ्याच दिवसापासून चालायला लागलो. संध्याकाळी दुकानामागच्या रस्त्याने पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि परत यायचं. रस्त्याला सावली नाही, ओळखीचं माणूस नाही, शेजारून गाड्या सुसाट. प्रत्येक पावलाला वाटायचं, इथे पडलो तर कोण उचलणार? दोन आठवडे कसाबसा चाललो आणि मग सोडून दिलं. म्हणजे तब्येतीसाठी चालत होतो, आणि चालून काळजी वाढत होती. डॉक्टरीणबाईंना मात्र सांगत होतो, हां मॅडम, चलता हूँ.

त्याच सुमारास ताई दुकानात आल्या. ताई मुंबईकडच्या, पन्नाशीच्या, नवरा इंजिनियर. त्या शुक्रवारी सकाळी हॉल भाड्याने घेऊन आपल्या लोकांचा नाचाचा क्लास घ्यायच्या. त्यांना क्लाससाठी सुती पँटी शिवून हव्या होत्या. "बाजारात मिळतात त्या सगळ्या विशीतल्या पोरींच्या मापाच्या," त्या म्हणाल्या. "आमचे हिप्स वेगळे, आमचे गुडघे वेगळे. मास्तर, तुम्ही बघा काय करता येतं ते."

मी मोठ्या घोळाच्या, कमरेला रुंद नाडीच्या पँटी शिवल्या. गुडघा वाकवला की कापड ताणू नये म्हणून मध्ये चौकोनी तुकडा घातला. आणि शुक्रवारी पोचवायला गेलो.

दार अर्धं उघडं होतं. आत पडदे ओढलेले, त्यातून येणारा उजेड मधासारखा पिवळा. पुढे बायका, मागे त्यांचे नवरे, सगळ्यांची तोंडं आरशाकडे. कुणाचा हात वर तर कुणाचा खाली. पण चेहरे! दुकानात मापं द्यायला येणारे हेच लोक. टेप कमरेभोवती टाकली की पोट आत ओढून श्वास धरणारे. इथे कुणी काही आत ओढलं नव्हतं. मी गठ्ठा छातीशी धरून उभा राहिलो आणि माझ्या नकळत माझा उजवा पाय ठेका धरायला लागला. चप्पल वाजत होती, ते ताईंनी आरशातून पाहिलं.

गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, या की. मागे जागा आहे."

"नको ताई. हा फॅमिलीवाल्यांचा क्लास. मी बॅचलर आहे."

सगळा हॉल हसला. बायको गावाला ठेवून आलेला माणूस तिकडे बॅचलर. मग त्याचे केस पिकलेले असोत की मुलगी लग्नाला आलेली असो. बॅचलरला फॅमिलीवाल्या इमारतीत खोली मिळत नाही, बागेत त्याच्याकडे लोक वळून बघतात. मी काही विनोद केला नव्हता, आपली पायरी सांगितली होती.

मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे मास्तर, ये ना. मी पण बॅचलरच. मला घेतलंय."

ते आमच्या गल्लीतले किराणावाले चाचा. रत्नागिरीकडचे, आमच्या खाडीपलीकडच्या मुसलमान वाडीतले. गुडघे दुखतात म्हणून आलेले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, पायात चकचकीत नवे बूट. मी गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि चाचांच्या शेजारी उभा राहिलो.

पहिल्या महिन्यात मला काही जमलं नाही. म्हणजे ठोका चुकत नव्हता. ठोका बरोबर, दिशा चुकत होती. ताई म्हणायच्या, "राइट, टर्न, अँड फ्रंट!" सगळे वळून पुन्हा आरशाकडे तोंड करायचे. मी वळायचो तो हॉलच्या मध्याकडे वळायचो आणि तसाच तिरका पुढे सरकायचो. थेट चाचांच्या पोटावर.

"अरे, कुठे चाललास? कुठे चाललास?"

दुसरं म्हणजे माझा उजवा पाय जोरात पडायचा आणि डावा नुसता त्याच्यामागे ओढला जायचा. ताई सांगायच्या, दोन्ही पायांना सारखं काम द्या. मला वाटायचं, दिवसभर मशीनच्या पेडलवर उजवा पाय, म्हणून असेल. मान खाली घालून मी सगळ्यांना सॉरी म्हणत सुटायचो. सॉरी ताई, सॉरी चाचा. पुढच्या शुक्रवारी जायचं नाही असं ठरवायचो, आणि शुक्रवारी बेकरीचा वास आला की जिना चढलेला असायचो.

एकदा असाच मी मध्याकडे वळलो, आणि चाचा टक्कर चुकवायचं सोडून कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. मग मोठ्याने ओरडले, "ताई, गाणं बंद करा! ह्याचं काय चुकत नाय. हा बाल्या नाच करतोय!"

मी जागच्या जागी थिजलो. मग माझं मलाच दिसलं.

आमच्या गावाकडे गणपतीत जाखडी नाचतात, तिलाच मुंबईचे लोक बाल्या नाच म्हणतात. मध्ये गाणारे बुवा आणि मृदंगवाला बसतात, आणि त्यांच्याभोवती आम्ही गोल फेर धरतो. उजव्या पायात चाळ, म्हणजे घुंगरांची माळ. डाव्यात काही नाही. म्हणून उजवा पाय आपटायचा आणि डाव्याने नुसतं त्याला सांभाळून न्यायचं. तोंड सतत आत, बुवांकडे. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या फेरात होतो, माझ्या दादाच्या मागची जागा माझी. ओमानला आल्यापासून एकदाही नाचलो नव्हतो. आणि इतक्या वर्षांनीही माझा पाय, चाळ बांधलेला नसताना, तसाच पडत होता. हॉलच्या मधोमध कुणीच बसलेलं नव्हतं, तरी मी त्यांच्याकडे वळत होतो.

"आमच्या बाजारात यायचे हे लोक," चाचा सगळ्यांना सांगत होते. "मी मामूच्या खांद्यावर बसून बघायचो. काय पाय वाजायचे!"

ताईंनी विचारलं, "दाखवाल?"

त्या दिवशी आम्ही आरशाकडे पाठ केली. चाचा मधोमध खुर्ची घेऊन बसले, गुडघ्यांत पाण्याची मोठी रिकामी बाटली धरली, कूलरवर उलटी ठेवतात ती, आणि तिच्यावर थाप मारायला लागले. मी पुढे, मागे ताई, त्यांच्यामागे इंजिनियर, बँकवाले, त्यांच्या बायका. कुणाचा उजवा, कुणाचा डावा. इंजिनियर साहेब दोनदा उलट्या दिशेने गेले. "अहो, तुम्हाला गाडी रिव्हर्सला टाकायला कोणी सांगितलं?" ताई ओरडल्या. हसून हसून फेर तुटला, पुन्हा जुळला. घाम डोळ्यांत जाऊन सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. पडद्यांचा पिवळा उजेड, फिरणारी माणसं, मध्ये चाचांची पांढरी दाढी. मला वाटलं, हे अंगण आहे. वाटलं, आत्ता कुणीतरी गूळपाणी घेऊन येईल.

मग चाचांनी घड्याळ पाहिलं, जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली होती. बाटली खाली ठेवून ते उठले आणि अंगण पुन्हा हॉल झालं.

तेव्हापासून क्लासच्या शेवटी एक फेर ठरून गेला. पण त्याआधी ताई माझ्याकडून डावा पाय घटवून घ्यायच्या, सोडायच्या नाहीत. मुंग्या कमी झाल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहून विचारलं, "बहुत चलते हो?" मी म्हणालो, "नहीं मॅडम, नाचता हूँ." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "अहो, बायकांमध्ये नाचता?"

"मागच्या रांगेत गं. चाचांच्या शेजारी."

"आणि चाचांच्या शेजारी कोण?"

"भिंत."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि मला फोनमध्ये तिचं हसू ऐकू आलं.

त्याच फोनवर एकदा दादा आला. "आयक," तो म्हणाला. "गुडगं बोलायला लागलं रं. औंदा आमी जुनी माणसं नाचतो आनि मग चाळ पोरांच्या हवाली करतो. तुजी जागा हाय अजून. येतोस का?"

मी हो म्हणालो नाही. कसा म्हणणार? आधीची काही वर्षं गणपती आणि बकरी ईद पाठोपाठ येत होते. ईदच्या आधी प्रत्येकाला नवी दिशदाशा हवी. त्या दिवसांत शिंप्याने रजा मागायची म्हणजे पेरणीत बैल आजारी पडल्यासारखं. पण ईद दरवर्षी थोडी अलीकडे सरकते, आणि त्या वर्षी आपल्याकडे अधिक महिना आल्यामुळे गणपती पुढे गेले होते. मशीनवर बसल्या बसल्या मी दोन्ही चंद्रांचा हिशोब लावत होतो. मध्ये वाट मोकळी दिसत होती. आता फक्त दोन गोष्टी राहिल्या. अर्बाब सोडतील का, आणि सोडलंच तर माझा श्वास पुरेल का. फेरातून मध्येच बाहेर पडून ओटीवर बसायचं, त्यापेक्षा न गेलेलं बरं.

अर्बाब, म्हणजे आमच्या दुकानाचे ओमानी मालक, साठीला टेकलेले. संध्याकाळी येऊन स्टुलावर बसायचे, काहवा, तिकडची काळी कॉफी, प्यायचे. मी धीर करून विचारलं, "अर्बाब, ईद खलास, मैं घर जाता?"

ते समोरच्या कापडाच्या ताग्याकडे बघत म्हणाले, "इन्शाल्ला."

मी चाचांकडे धावलो. चाचांची हयात तिकडे गेलेली. "बोलताना बघत कुठे होते?"

"ताग्याकडे."

"मग अवघड आहे," चाचा डाळ तोलत म्हणाले. "बघ मास्तर, इन्शाल्ला एकच, पण डोळ्यांत बघून बोलले तर ते हो असतं. इकडेतिकडे बघून बोलले तर आपण समजून घ्यायचं."

त्यानंतरच्या शुक्रवारी मी एवढा जोरात नाचलो की ताईंनी मला बाजूला घेऊन पाणी पाजलं. "काय झालंय, मास्तर?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांना सांगा ना, कशासाठी जायचंय ते. नुसतं घर म्हणालात तर त्यांना कसं कळणार?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी नेहमी कमी बोलून वेळ मारून नेणारा. चार शब्दांत मागायचं, म्हणजे नाही म्हणायलाही समोरच्याला चारच शब्द लागतील.

ईदची गर्दी ओसरली. दुकानात रिकाम्या हँगरांखेरीज काही उरलं नव्हतं. अर्बाब आले, काहवा ओतला. मी मशीनवरून उठून उभा राहिलो.

"अर्बाब, मेरे गाँव में नाच है. गोल. उसमें मेरा जगह है. भाई के पीछे. इस साल लास्ट."

त्यांनी कप खाली ठेवला. "मास्तर, तू नाचता?"

मग मी काय केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. इस्त्रीच्या टेबलासमोर, गळ्यात टेप, मी उजवा पाय आपटून दाखवला. एक वळण घेतलं. टेप उडून माझ्याच तोंडावर आली. अर्बाब बघत होते. मग त्यांनी शेजारी टेकवलेली आपली काठी उचलली, बसल्या जागी दोन्ही हातांत आडवी धरली आणि खांदे हळूहळू वर-खाली करायला लागले. त्यांच्याकडे पुरुष रांगेत उभे राहून काठ्या घेऊन नाचतात. लग्नात मी लांबून पाहिलं होतं. त्यांचा पाय उठत नव्हता, पण बोटं ठेका धरत होती. दुकानात नाद काही नव्हता, फक्त एसीची घरघर. आणि आम्ही दोघं पिकल्या केसांचे, आपापला न वाजणारा ढोल ऐकत.

"मेरा बाप बहुत अच्छा था इसमें," ते म्हणाले. काठी ठेवली. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "इन्शाल्ला, मास्तर. इन्शाल्ला."

चाचांनी बाटलीवर थाप मारून ती बातमी क्लासला सांगितली.

गौरी आल्या त्या दिवशी, संध्याकाळच्या उजेडात, गावाकडे आमच्या अंगणात फेर धरला. अंगण सारवलेलं, ओलसर. बुवा मध्ये बसले. दादाने खाली वाकून माझ्या उजव्या पायात चाळ बांधला. वाकताना त्याचा गुडघा कट्‌कन वाजला, मी ऐकलं. मग त्याच्या मागे माझी जागा. त्याची मान मागून आमच्या वडलांसारखी दिसायला लागली होती.

पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. मी श्वास मोजायचं विसरून गेलो. मृदंग चढला, फेर जोरात फिरायला लागला, आणि नेमका तेव्हा माझा डावा पाय आपण होऊन बाहेर पडला. ताईंनी घटवून घेतलेला. राइट, टर्न, अँड फ्रंट. सगळा फेर आत बघतोय आणि मी एकटा गर्रकन बाहेर वळलो, जणू तिथे आरसा आहे.

तिथे आरसा नव्हता. तुळशीजवळ बायका उभ्या होत्या आणि त्यांच्यात माझी बायको, पदर तोंडाला लावून हसत. इतकी वर्षं त्या फेरात नाचलो, पण नाचताना तिला कधी पाहिलं नव्हतं. तोंड आत असायचं ना. ती दर वर्षी तिथेच उभी राहत असणार. तेवढा एकच ठोका मी तिच्याकडे बघितलं असेल. मागच्याने मला ढकललं आणि मी पुन्हा आत वळलो.

"काय रं," दादा मान न वळवता ओरडला, "त्या वाळवंटात डावा पाय शिकून आलास काय?"

"दोन्ही शिकलो!"

शेवटच्या गाण्यापर्यंत कुणी बाहेर पडलं नाही. दादा नाही, मीही नाही. मग आम्ही दोघं ओटीवर टेकलो. माझी छाती भात्यासारखी चालत होती, पण त्यात भीती नव्हती. मी शोधली, नव्हती. आतून कुणीतरी गूळपाणी आणलं. माझ्या वाट्याला नुसतं पाणी. बायकोने आधीच सांगून ठेवलं असणार.

दादाने पायातला चाळ सोडला. समोर पोरं उभी होती, त्यांना द्यायचा होता. चाळ हातात धरून तो बसून राहिला. बोटांनी एकेक घुंगरू चाचपत होता, तशी ती बारीक वाजत होती.

"न्हाय दिलं औंदा," तो हळूच म्हणाला, "तर पुढल्या साली येशील?"

पोरं ऐकत होती. तुळशीजवळून बायको बघत होती. माझ्या मनात ईद, रजा, अर्बाब, रक्ताचा कागद, सगळं एकदम दाटून आलं, नेहमीसारखं. अंगणाकडे बघत बोललो असतो तर सोपं गेलं असतं.

मी दादाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "इन्शाल्ला."

"म्हंजी काय?" त्याने विचारलं.

मी त्याच्या हातातला चाळ घेतला आणि त्याच्याच पायात पुन्हा बांधायला खाली वाकलो.